ताईचा हात

मी शिलाई मशीन बोलतेय. माझं बोलणं म्हणजे खडखडाटच, पण आज जरा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघाले ती थेट ताईच्या खोलीत, खिडकीशी येऊन बसले. ताईनं बसवलेली कॉलर घालून गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. एरवी भिडस्त बाई. कात्री हातात आली की मात्र कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

मग तिला आवाज ऐकू येऊ लागले. शेजारी भिंतीआडून नावं ठेवतात, म्हणायची. धाकटा भाऊ डॉक्टरांकडे घेऊन गेला. स्किझोफ्रेनिया, असं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज खरंच विरले.

पण हात थरथरू लागले. सुईत दोरा ओवताना तिला घाम फुटे. दुपारी गोळ्यांच्या गुंगीनं डोकं माझ्यावरच टेकलेलं. एकदा शाळेतल्या बाईंनी झगा उलटून पाहिला आणि हळूच विचारलं, "ताई, ही शिवण तुमचीच ना?" ताईची मान जी खाली गेली, ती बाई गेल्यावरही वर आली नाही.

घरातही तेच. वहिनी आल्यागेल्याला सांगे, "ताकदीच्या गोळ्या आहेत हो." आणि भाऊ रोज समोर उभा. "ताई, आ कर. जीभ वर कर." ज्याला तिनं बोट धरून चालवलं, त्याच्यापुढे ती तोंड उघडायची. कान लाल व्हायचे तिचे.

शेवटी ती गोळी गालात धरू लागली. तो वळला, की गोळी माझ्या खणात. हळूहळू हात स्थिरावले, टीप सरळ आली. "बघ, मला काही झालेलंच नाही," ती मला म्हणाली. खोटं कशाला बोलू, मीही हरखले.

काही आठवड्यांत आवाज परतले. या वेळी माझ्याच खडखडाटातून. एका सकाळी, समोरच्या काकांच्या नव्या कोटात कुणी आपलं ऐकायला कान शिवलेत, म्हणत तिनं कोटाच्या चिंध्या केल्या. भाऊ धावत आला. कात्री ठेवायला त्यानं खण उघडला आणि गोळ्या दिसल्या.

"इतकं करतो तुझ्यासाठी, आणि मलाच फसवतेस?"

ताईनं तोंड ओंजळीत लपवलं.

ती दवाखान्यात होती तेव्हा भाऊ माझ्या स्टुलावर येऊन बसला. वहिनीला म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का नको वाटतात? तर म्हणाली, हात माझे राहत नाहीत. हा रोज तोंडात बघतो, हाताकडे बघत नाही." मग खाली मान घालून म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही गं."

आता गोळ्या बदलल्यात. थरथर थोडी उरलीय. ताई गोळी स्वतः घेते. एखाद्या दिवशी नको म्हणते, तेव्हा भाऊ शेजारी बसतो आणि का ते विचारतो.

काका दिसले की मात्र ती खिडकी लावून घ्यायची. तरी तिनं तसंच कापड आणलं आणि थांबत थांबत नवा कोट शिवला. आत्ताच तो घेऊन निघाली.

"मी येऊ?" भावानं विचारलं.

"जिन्यापर्यंत ये. पुढचं माझं मी सांगेन."

काका, दार वाजेल. कोट नंतर बघा. आधी तिला आत बोलवा.