मार्ग क्रमांक नऊ

माणूस स्वतःला सापडतो तो फक्त एकांतात, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी पहिल्यांदा मोठ्याने मांडलं तेव्हा दारावर थाप पडली आणि बाहेरून मुलगी म्हणाली, "बाबा, सापडला असाल तर बाहेर या. मला ऑफिसला उशीर होतोय."

घरात माणसं पाच आणि बाथरूम एक. नकाशा विभागातून निवृत्त झाल्यावर मला कळलं की पस्तीस वर्षं ज्या घराचा पत्ता मी सगळीकडे लिहून देत होतो, तिथे मला बसायला जागाच नाही. खुर्चीत बसलो की तिच्यामागचा प्लग कुणाला तरी हवा असायचा. गॅलरीत गेलो की ओल्या चादरी तोंडावर यायच्या. शेवटी सायकल घेतली, आणि महिन्याभरात नदीकाठचा तो रस्ता सापडला. मुरमाचा, जेमतेम दोन सायकली जातील एवढा. गाडी नाही, हॉर्न नाही. जुन्या पंपघरापाशी डावीकडे वळलं की पुढे नदीच्या वळणावर वाळूचा पट्टा. रोज सकाळी सहा ते साडेसात तो पट्टा माझा. तिथे उभं राहून मी जुन्या साहेबांना सुनवायचो, वरच्या मजल्यावरच्यांना समज द्यायचो आणि शेवटी बायकोशी वाद घालायचो. इतके विजय मिळवून घरी आलं की मग दिवसभर पडतं घ्यायला काही वाटायचं नाही.

अशात सायकल क्लबने ठरवलं की गावाभोवतीच्या बिनवाहनांच्या रस्त्यांची पुस्तिका काढायची. नकाशे कोण काढणार? मी. मार्ग कोण लिहिणार? मीच. आठ मार्ग इमानदारीने लिहिले. नववा माझा होता. गाळला असता तर नदीकाठ कोरा कसा, असं कुणीतरी विचारलं असतं. म्हणून लिहिला, फक्त पंपघरापाशी 'उजवीकडे वळा' असं लिहिलं. उजवीकडचा रस्ता टेकडी चढून बंद पडलेल्या दगडखाणीपाशी संपतो, एवढं मला कागदावरून माहीत होतं. माणूस दमेल, चार शिव्या घालेल आणि परत जाईल.

दोन वर्षांत एक तक्रार आली नाही. पंपघरापाशी उजवीकडे वळलेले चाकांचे ताजे माग मात्र रोज दिसायचे. आपण चुकलो हे कबूल करणारा सायकलस्वार अजून जन्माला यायचाय, असं म्हणून मी समाधानाने डावीकडे वळायचो.

त्या रविवारी नळ दुरुस्त करायला प्लंबर यायचा होता, म्हणून मी घरी थांबलो. नऊच्या सुमाराला बघतो तर ही आणि हिची मोठी बहीण हेल्मेट घालून दारात उभ्या.

"कुठे?"

"नऊ नंबर," ताई म्हणाल्या. "भाऊजी, तुमच्याच पुस्तिकेतला. दोन वर्षं कौतुक ऐकतोय."

"आठवा घ्या ना. सपाट आहे. सावली आहे."

"आठवा तीन किलोमीटरचा आहे हो," ही म्हणाली. "तेवढी मी तुमचा चष्मा शोधताना घरात चालते."

गेल्या दोघी. दहा मिनिटांनी मला खाण आठवली. नकाशावर कड्याला बारीक दातेरी रेघा काढतात. कडा जितका उभा, तितक्या रेघा जवळ. या खाणीच्या रेघा मीच काढल्या होत्या आणि चांगल्या दाट काढल्या होत्या. हिला फोन लावला, तो स्वयंपाकघरात वाजला. ताईंचा लागेचना. मी हॉलमधून गॅलरीत गेलो, गॅलरीतून बाथरूममध्ये, तिथून परत हॉलमध्ये.

"काका, ही पाचवी फेरी," प्लंबर सिंकखालून म्हणाला. "वापरायचंय का?"

"नाही."

"मग एका जागी उभे राहा. पान्यावर पाय पडेल."

"हा रस्ता तुला माहीत आहे का, पंपघराकडून उजवीकडचा?"

"मला पाइप माहीत असतात काका, रस्ते नाही."

मी हेल्मेट चढवलं. जाताना ते उलटं असल्याचं त्याने सांगितलं, पण सुलटं करायलाही मन थाऱ्यावर नव्हतं.

पंपघरापाशी दोघींचे माग इमानेइतबारे उजवीकडे गेलेले होते. डावीकडचा माझा रस्ता रिकामा पडला होता. त्या दोघींना सगळं सांगावं लागलं तर उद्यापासून तो माझा राहणार नव्हता. शहाण्या बायका आहेत, कडा दिसला की थांबतील, असा एक विचार मनात आला आणि मी त्याच्यासाठी एक पाय टेकून पूर्ण मिनिटभर थांबलो. हे मिनिट मी घरी अजून सांगितलेलं नाही. मग हँडल उजवीकडे वळवलं.

दोन वर्षं आपण लोकांना कुठे पाठवत होतो, ते मला पहिल्यांदाच कळलं, तेही मांड्यांमधून. खडी सुटी, चढ असा की मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. पहिल्या वळणावर गिअर संपले, दुसऱ्यावर मी उतरलो. सायकल ढकलत कबुलीजबाबाची जुळवाजुळव करत होतो. 'छपाईची चूक' हा पहिला मसुदा तिसऱ्या वळणापर्यंत टिकला. एवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला.

टेकडीच्या माथ्यावर पंधरा-सोळा सायकली दगडांना टेकून उभ्या होत्या. खाणीच्या कडेला रंगवलेली पिंपं आणि दोरखंडाचं कुंपण. सतरंज्या, थर्मास, उकडलेली अंडी. ही एका दगडावर कप घेऊन बसली होती, ताई शेजारी. दोघी धडधाकट.

"नवीन ना? या," गळ्यात दुर्बीण लटकवलेल्या एक बाई म्हणाल्या. आवाजावरून निवृत्त मुख्याध्यापिका असाव्यात, आणि होत्याच. "चहा घ्या. पण आज काही दिसणार नाही. आज तो आलाच नाही."

"कोण?"

"नदीवरचा माणूस." त्यांनी खाली बोट दाखवलं. मी पाहिलं. सबंध नदी पायाखाली पसरली होती आणि वळणावरचा वाळूचा पट्टा तर तळहातावर ठेवल्यासारखा दिसत होता. "दोन वर्षं झाली. आधी कुणाला तरी पाच मिनिटं झापतो. मग वर बोट करून ओरडतो. शेवटी कंबरेवर हात ठेवून बायकोशी भांडतो."

"समोर कुणी नसताना बायकोच हे कशावरून?"

"मध्येमध्ये मागे वळून बघतो ना."

हिने तोंड कपात घातलं. ताई एकाएकी आकाश न्याहाळू लागल्या.

"तुम्ही कधी खाली नाही गेलात?" मी विचारलं.

"छे! बिचाऱ्याला दुसरी जागा नसेल. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी बजावतो, खालच्या रस्त्याला जायचं नाही. एरवी तो गेला की आम्ही उतरतो. आज दहा वाजले तरी कुणाचा पाय निघत नाहीये. बरं असेल ना हो त्याचं?"

सगळ्यांचे चेहरे खरोखरच उतरलेले होते. छपाईची चूक आता चालण्यासारखी नव्हती.

"त्याचं बरं आहे," मी म्हणालो. "आज घरी प्लंबर आला होता. पुस्तिका मी लिहिली. उजवीकडे मुद्दाम लिहिलं. मला ती जागा एकट्याला हवी होती. मी तुम्हा सगळ्यांना फसवलं."

मग हिने कप खाली ठेवला.

"जिंकता का हो?"

"कुठे?"

"खाली. माझ्याशी भांडता तेव्हा."

"बहुतेक वेळा."

"बरं आहे," ती म्हणाली. "माणसाने कुठेतरी जिंकावं."

बाईंनी मला आधी दुर्बिणीतून पाहिलं, मग दुर्बिणीशिवाय. "जवळून बुटके दिसता. उद्या येणार ना?"

"आता कसा येऊ? सगळ्यांना कळलं."

"आम्हाला काय कळलं? आम्हाला इथून ऐकू थोडंच येतं! खाली कुणी येणार नाही, शब्द देते. तुमचा एकांत तुम्हाला लखलाभ." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला भरून आलं. बाई जवळ आल्या, इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त उद्यापासून जरा अलीकडे उभे राहाल का? त्या झुडपामागे गेलात की अर्धं भांडण दिसत नाही."