कमळीच्या लेकींना तोलणारा काटा

मित्रांनो, मी बाळांचे वजन करणारा काटा. सन १९७६ मध्ये मला जासईजवळच्या एका खेड्यातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात छताच्या कडीला टांगले. माझ्या झोळीत कितीतरी बाळे रडली, ओली झाली. त्यांचा मला कधी कंटाळा आला नाही. किळस आली ती साहेबलोकांची.

आमच्या नर्स सरोजिनीबाई. मिठागरात आणि नव्या शहरासाठी खाडीत चाललेल्या भरावाच्या कामावर राबणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. कमळी त्यातलीच. तिची पहिली मुलगी गंगू माझ्या झोळीत आली, तेव्हा माझा काटा दोन किलोलाही पोचला नाही. डोके लहान, दूध ओढायची ताकद नाही. पुढे ती उशिरा चालली, उशिरा बोलली आणि शाळेने तिला ‘मंद’ म्हणून आठवडाभरात घरी धाडले. पाठ दुखते म्हणून कमळी गरोदरपणी रोज संध्याकाळी दारू घेत असे. त्याने अंगात बळ येते, असे तिला सगळेच सांगत.

पोटातल्या बाळाला दारू बाधते, हे सरोजिनीबाईंना एका डॉक्टरांकडून कळले. त्यांनी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला पत्र लिहिले, की बायकांना मराठीत माहिती द्या आणि गंगूसारख्या मुलांच्या शिक्षणाची सोय करा. श्यामसुंदर नावाच्या अधिकाऱ्याचे उत्तर आले. आपल्याकडच्या स्त्रिया मद्यपान करीत नाहीत, सबब प्रश्न उद्भवत नाही. केवढा हुशार माणूस! गावात पाऊल न टाकता त्याला घराघरातले कळत होते.

मग दारूबंदी सप्ताह आला. हेच साहेब जीपमधून उतरले. भिंतीवर चित्र लागले, त्यात बाटली घेतलेला नवरा आणि रडणारी बायको. पुरुष पुढे बसले, बायका मागे. भाषण संपताच कमळी उभी राहिली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

“पोटुशी बायनं घेतली तं पोराला काय होतं, ते सांगा.”

साहेब हसले, म्हणून पुढचे पुरुषही हसले. असले प्रश्न नर्सला विचारावेत, असे सांगून साहेब शहाळे प्यायला गेले.

सरोजिनीबाईंनी तिला आत नेऊन सगळे सांगितले. कमळी बराच वेळ गंगूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

“म्हंजे मीच केलं?”

“तुला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं, ते पगार घेऊन गप्प बसले. पण आता एक घोटही नको.”

कमळीने सोडली. सोपे नव्हते. सरोजिनीबाई रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसत. दुसरी मुलगी झाली, ती चांगली तीन किलोंची. साहेब लगेच फोटोग्राफर घेऊन हजर. अहवालात सप्ताहाचे यश दाखवायचे होते ना! बाळाला माझ्या झोळीत घातले. तेवढ्यात कमळीने सात वर्षांच्या गंगूला पुढे उभे केले.

“हिचा पन फोटो काढा. आनि हिच्यासाठी काय केलं, ते खाली लिवा.”

साहेबांनी गंगूला बाजूला व्हायला सांगितले. ती हलली नाही. साहेबांनी पुन्हा हात झटकला, तेव्हा कमळीने बाळाला झोळीतून उचलले आणि दोन्ही लेकींना घेऊन ती घरी गेली. फोटोत आलो मी, रिकाम्या झोळीचा, आणि शेजारी दात दाखवणारे साहेब. अहवालात तोही छापला.

आता माझी स्प्रिंग ढिली झाली आहे. मी अडगळीत पडलो आहे, पण माझी काळजी करू नका. काटे बाजारात मिळतात. मात्र मित्रांनो, तुमच्या वर्गातही उशिरा समजणारी एखादी गंगू असेल. सरकार तिच्यासाठी अर्जाचा नमुना ठरवेपर्यंत ती म्हातारी होईल. तुम्ही तिला उद्याच आपल्या बाकावर बसवा.