आठ वर्षांचा बेत

कोंबड्या भरून लॉरी गेली तरी एक कोंबडी पाण्याच्या टाकीमागे उभीच होती, आणि तिचं काय करायचं ते मामांना नेमकं ठाऊक होतं. मागे राहिलेलीची मान मुरगाळायची, असा नियम. पोल्ट्रीच्या शेडवरच्या बावीस वर्षांत त्यांनी तो इतक्यांदा पाळला होता, की गप्पा मारता मारताही त्यांचे हात तो पाळत. त्या सकाळी मात्र हातांनी कोंबडी उचलली आणि मामांना न विचारता त्यांच्याच शर्टात घातली.

शेडच्या मागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर. मामींनी शर्टाकडे पाहून एवढंच विचारलं, की पोटाला पंख कधी फुटले.

मामा म्हणाले, इतक्या कोंबड्या पाहिल्या, पण म्हातारी एकही नाही. बेचाळिसाव्या दिवशी सगळ्या लॉरीत. लस टोचायला येणारे डॉक्टर मागे बोलता बोलता म्हणाले होते, कोंबडी खरं तर सात-आठ वर्षं जगते. आपल्याच घरात आणखी एक खोली आहे हे कुणी फार उशिरा सांगावं, तसं मामांना झालं होतं.

"आठ वर्षांनी मी पासष्टचा," ते म्हणाले. "तिघं मिळून म्हातारे होऊ."

"ती होईल. तुम्ही झालेलेच आहात," मामी म्हणाल्या आणि न्हाणीत पोतं अंथरायला गेल्या.

त्रेचाळिसावा दिवस उजाडला. शेडवरच्या एकाही कोंबडीनं तो आजवर पाहिला नव्हता. मामा अंघोळ करताना तिच्याकडे पाठ फिरवू लागले. एवढ्या वयाच्या बाईसमोर बरं दिसत नाही. त्या घरात मूलबाळ नव्हतं. मामी तिला दिवसभराचं सगळं सांगत बसत. ती मामांसारखी मध्येच घोरत नसे.

पाहुणीला कमी पडू नये म्हणून मामा शेडमधलं सगळ्यात भारी खाद्य आणत. भांडं कधी रिकामं ठेवत नसत. पासष्टाव्या दिवशी तिचे पाय फाकले. सत्तराव्या दिवशी ती छातीवर सरपटत भांड्यापाशी गेली.

डॉक्टरांनी आधी भांडं पाहिलं, मग तिला.

"मामा, हे खाद्य सहा आठवड्यांपुरतं असतं. कोंबडीही."

ही जात फक्त वाढायला केलेली, ते समजावू लागले. पोट भरलं हे तिला कळतच नाही. जगवायची होती तर पहिल्यापासून अर्धपोटी ठेवायची. आता मूठभरच द्या, थोडे दिवस मिळतील.

मामांनी मूठभर दिलं. ते संपवून ती रिकाम्या भांड्याच्या पत्र्यावर चोच मारत राहिली. टक, टक. मामींनी रेडिओ लावला. मग मोठा केला. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी तो बंद केला.

"आठ वर्षं हेच ऐकायचं?"

"तेवढी कुठली आता."

"मग कशाला?"

मामांनी भांडं काठोकाठ भरलं. तिला मान वर धरवेना, म्हणून छातीखाली तळहात घालून त्यांनी तिला काठापर्यंत उचललं. ती खाऊ लागली. कुठेतरी पोचायला उशीर झाल्यासारखं तिचं काळीज त्यांच्या हातावर धावत होतं. मग ते थांबलं. चोचीत एक दाणा तसाच होता.

मामी भांडं उचलायला वाकल्या.

"राहू दे जरा," मामा म्हणाले. हात काढला असता, तर तिचं डोकं खाद्यात पडलं असतं.