शुक्रवारची नक्कल

मी एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. मला कुठल्या कंपनीनं बनवलं नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारात, एका जिन्याखालच्या दुकानात, चांदपाशानं मला जोडलं. बोर्ड एकाचं, पंखा दुसऱ्याचा, डबा तिसऱ्याचा. झाकणाचे स्क्रू हरवले म्हणून त्यानं झाकण बसवलंच नाही. म्हणाला, "राहू दे उघडा. वारं लागतं, अन् आत काय चाललंय ते दिसतं बी."

माझे पहिले मालक वीरभद्रअप्पा. साड्यांचे ठोक व्यापारी, कपाळावर विभूती, बोलणं मोजकं. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच काय घेणार ते ओळखायचे. माणसं वाचायला मी त्यांच्या गल्ल्याशेजारी बसून शिकलो.

चांदपाशा बारावी नापास. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार, ते कसं रचायचं, कसं सांभाळायचं, हे तो जुनी पुस्तकं वाचून आणि चुका करून शिकला. त्याची मोठी चूक माझ्यासमोरच झाली. रोज संध्याकाळी तो अप्पांच्या दुकानाच्या माहितीची नक्कल, म्हणजे बॅकअप, सीडीवर घ्यायचा. दिवा लुकलुकायचा, तो समाधानानं घरी जायचा. ऐन दिवाळीत माझी डिस्क बसली आणि त्यानं सीडी लावली, तर कोरी. मागची काढली, कोरी. पाच महिने नुसता दिवाच लुकलुकत होता. अप्पा ओरडले नाहीत. चिठ्ठ्यांचं पोतं आणून त्याच्यापुढं ओतलं आणि म्हणाले, "बस." चांदपाशा आठ दिवस बसून एकेक नोंद पुन्हा भरत होता.

तेव्हापासून नक्कल घेतली असं त्यानं कधी म्हटलं नाही. नक्कल उघडली, असंच म्हणायचा.

पुढं अप्पा नांदेडच्या एका रक्तपेढीच्या ट्रस्टचे अध्यक्ष झाले. त्यांनी चांदपाशाला तिथं नेलं आणि चांदपाशानं मला. तिथं नवा सर्व्हर होता, काचेच्या खोलीत, थंड हवेत. मी बाहेर पॅसेजमध्ये, पाण्याच्या पिंपाशेजारी. माझं काम आठवड्यातून एकदाच. शुक्रवारी दुपारी नमाज पढून आला की चांदपाशा सर्व्हरची नक्कल माझ्यात उतरवायचा आणि लॅबकडं हाक मारायचा, "अक्का, एक नाव सांगा."

सिद्धम्माअक्का लॅबच्या मुख्य तंत्रज्ञ. मनाला येईल ते नाव सांगायच्या. ते माझ्यात सापडलं, सगळा तपशील बरोबर निघाला, की नक्कल खरी. अशी दहा नावं.

एकदा अक्का म्हणाल्या, "माझ्या जावयाचं टाका. किनवटच्या शिबिरात रक्त दिलं म्हणून सांगतो."

चांदपाशानं बघितलं. "नोंद हाय अक्का. बिस्किट खाल्लं, चहा पिला, सुई बघून निघून गेला."

"तरी म्हटलं, रक्त दंडातून देतात, हा आमच्या पोरीला बोट का दाखवत होता."

हसण्यावारी चालायचं, पण त्या माहितीवर जीव टांगलेले होते. पेढीत त्रेसष्ट मुलं थॅलेसेमियाची. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवलं तरच जगणारी. सारखं परकं रक्त घेऊन त्यांचं अंग चिडतं. गट जुळला तरी आतल्या बारीक खुणा जुळाव्या लागतात. कुणाला कुठली खूण सोसत नाही, हे वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून कळलेलं, आणि लिहिलेलं होतं एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. कागदी रजिस्टरं कधीच बंद झाली होती.

मग पेढीला दर्जाचं मानांकन घ्यायचं ठरलं. तपासनीस आले, फायली चाळल्या आणि विचारलं, "डेटाबेस कोण बघतं? त्यांचं सर्टिफिकेट?"

चांदपाशाकडं तसलं काही नव्हतं. अप्पांनी त्याला बोलावून घेतलं. "चांदपाशा, तुझं काम मला माहीत हाय. त्यांना कागद लागतो. घेऊन ये."

एक्कावन्नाव्या वर्षी तो हैदराबादला परीक्षेला गेला. अकरा गुणांनी पडला. परत आल्यावर अक्कांना सांगत होता, "प्रश्न होता, डेटाबेस बंद पडला तर आधी काय करणार? चार पर्याय. आपल्याकडं आधी अप्पांना फोन करावा लागतो. ते पर्यायातच न्हाई."

अक्का हसल्या. तोही हसला. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्यावर मात्र त्यानं बराच वेळ कुठलीच कळ दाबली नाही.

महिन्याभरात मंजुश्री आली. उदगीरची पोरगी, पुण्यात शिकलेली, तीन सर्टिफिकेटं. व्यापाऱ्याकडं वाढल्यामुळं मी माल बघून बोलतो: पोरगी अस्सल होती. पहिल्याच आठवड्यात तिनं चांदपाशाची भोकं दाखवली. सगळ्या पेढीला एकच पासवर्ड, तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. वॉचमननं ठरवलं असतं तर कुणाचाही आजार वाचला असता. यादी निघायला दहा मिनिटं लागायची, ती हिनं दहा सेकंदांवर आणली. चांदपाशा तिला बेटा म्हणायचा, ती त्याला चाचा. त्याच्या डब्यातलं चिंचेचं खट्टं ती मागून खायची.

तिनं रोजच्या नकलेला कुलूप घातलं. नक्कल चोरीला गेली तरी किल्लीशिवाय कुणाला वाचता येऊ नये. हेही बरोबर. किल्ली, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक फाईल, दुसऱ्या जागी ठेवा, असं पुस्तकात होतं. तिनं ती सर्व्हरच्याच दुसऱ्या डिस्कवर ठेवली आणि यादीत खूण केली. दोन डिस्का, पण डबा एकच.

मग अप्पांनी कागद काढला. डेटाबेसची जबाबदारी मंजुश्रीकडं, चांदपाशा शिबिरांच्या गाडीवर. त्याच्या हाताखाली आलेली पोरगी त्याच्या खुर्चीवर बसली. तिनं ती मागितली नव्हती, पण खुर्ची गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन थांबली.

"चाचा, हा उघडा डबा पॅसेजमध्ये आहे आणि याच्यात त्रेसष्ट मुलांची माहिती. तपासणीत चालणार नाही. पुसून स्टोअरमध्ये टाकते."

"मग शुक्रवारी उघडून बघायचं कुठं?"

"आता बघावं लागत नाही. सिस्टीम स्वतःच तपासते. रोज सकाळी हिरवी टिक येते."

 मला वाटलं, आता चांदपाशा गंजगोलाईतल्या लुकलुकत्या दिव्याची गोष्ट सांगेल. ही पोरगी ऐकणारी होती. तिनं मान डोलावली असती, दुसऱ्या कुठल्या मशीनवर नक्कल उघडायला घेतली असती, आणि किल्ली मागितली जाताच चूक तिला कळली असती.

"हाव मॅडम," तो म्हणाला. "तुमच्याकडं कागद हाय."

बेटाची मॅडम झाली हे तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. पण काम तिनं नियमाप्रमाणं केलं. मला तीनदा पुसलं, रजिस्टरवर सही केली.

मी चौदा महिने स्टोअरमध्ये होतो. भिंतीपलीकडं लॅब, त्यामुळं ऐकू सगळं यायचं. चांदपाशा किनवट, बिलोली फिरून यायचा, रक्ताच्या पेट्या उतरवायचा आणि काचेच्या खोलीकडं न बघता निघून जायचा. एकदा अक्का म्हणाल्या, "भाई, शुक्रवारचं नाव कुणी विचारत न्हाई आता." तो म्हणाला, "शिकलेली माणसं हायत अक्का. करून राहिले असतील बरोबर."

मे महिन्यात एका दुपारी गेलेली वीज परत आली ती दणक्यानं आली. जळका वास माझ्यापर्यंत पोचला. सर्व्हरच्या दोन्ही डिस्का गेल्या.

मंजुश्री घाबरली नाही. नक्कल सर्व्हरबाहेर वेगळ्या जागी ठेवलेली होती, रोजची होती. तिसऱ्या दिवशी नवा सर्व्हर आला, तिनं नक्कल लावली. पडद्यानं किल्ली मागितली.

चारशेच्या वर हिरव्या टिका, आणि एकही उघडेना. हैदराबादच्या जाणकाराला फोन लावला. तो म्हणाला, किल्ली नसेल तर ही कुणालाच उघडता येणार नाही, त्यासाठीच तर कुलूप असतं.

चांदपाशा बिलोलीच्या शिबिरातून धावत आला तो थेट स्टोअरमध्ये. मला ओढून काढलं, बाहीनं पुसलं, वायर लावली. मी कोरा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. खिशातलं पाकीट गेलंय हे कळूनही माणूस पुन्हा पुन्हा खिसा चाचपतो, तसं त्यानं मला चार वेळा चालू केलं. दारात मंजुश्री उभी होती. 

सिद्धम्माअक्कांनी सगळी मुलं नव्यानं तपासायला घेतली. काहींचं त्यांच्या लक्षात होतं, सगळ्यांचं असणं शक्य नव्हतं. त्यात देगलूर नाक्याची अर्शी आली, नऊ वर्षांची. आई अफसाना शिवणकाम करायची. पोरीचं हिमोग्लोबिन साडेचारावर उतरलेलं, ओठ पांढरे, थांबायला वेळ नव्हता. अक्कांनी तपासणी केली, ती स्वच्छ आली. पण अंगातली ही चीड कधीकधी झोपी जाते, तपासणीत दिसत नाही, आणि नको ती पिशवी चढली की जागी होते. ती जुन्या तपासण्यांच्या नोंदीतच दिसली असती.

पिशवी चढवली. अर्शीचे ओठ गुलाबी झाले. जाताना तिनं अक्कांकडून बिस्किटाचा पुडा मागून घेतला.

सहाव्या दिवशी चढवलेलं रक्त अंगातच फुटायला लागलं, तिला काळी लघवी झाली. नवव्या दिवशी अर्शी गेली.

चौकशी बसली. दोन ट्रस्टी, बाहेरचे एक डॉक्टर, मधल्या खुर्चीत अप्पा. पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवलं. दाराजवळ अफसाना बसली होती, कुणी खुर्ची पुढं घ्या म्हणालं तरी हलली नाही.

मंजुश्रीनं फाईल ठेवली. नक्कल रोज घेतली होती, कुलूप घातलं होतं, माहिती नियमानं पुसली होती. किल्लीबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या डिस्कवर होती," आणि तिनं फाईल मिटली. डॉक्टरांनी तपासणीची यादी चाळली. दुसरी डिस्क दुसऱ्या डब्यात असावी, असं यादीत कुठंच नव्हतं. यादीप्रमाणं सगळं पूर्ण होतं.

"चांदपाशा, तुझं काही?" अप्पांनी रिवाज म्हणून विचारलं.

तो उभा राहिला. "मला माहीत होतं अप्पा. किल्लीचं न्हाई, पण उघडून बघत न्हाईत हे माहीत होतं. तुमच्या दुकानात मी तेच करून बसलो होतो. ही पोर माझं ऐकली असती. मला वाटलं, पडू दे एकदा अंगावर, मग कळंल कागद मोठा का हात मोठा."

अप्पांनी डोळे मिटले.

अफसानानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "भाई, ते सांगायला किती वेळ लागला असता?"

"एक मिनिट," चांदपाशा म्हणाला.

तिनं मान हलवली, भाव विचारून निघालेलं गिऱ्हाईक हलवतं तशी, आणि उठून गेली.

अहवालात लिहिलं, कुणाचाही हेतुपुरस्सर दोष आढळला नाही. मंजुश्री उदगीरला परत गेली. सर्टिफिकेटं न्यायला विसरली की मुद्दाम ठेवून गेली, मला माहीत नाही. चांदपाशा पेढीत येत नाही. दर शुक्रवारी देगलूर नाक्याच्या मशिदीत जातो आणि अफसानाच्या गल्लीवरून न जाता लांबच्या वाटेनं घरी परततो, असं अक्का कुणाला तरी सांगत होत्या.

मला निकामी मालाच्या यादीत घातलंय. आज मागच्या आवारात, उन्हात पडलोय. भंगारवाला आला की तांबं वेगळं करील, पत्रा वेगळा.

जाता जाता तुम्हाला एकच विनंती. तुमच्या दवाखान्यात, दुकानात, शाळेत जो कुणी माहिती सांभाळत असेल त्याला म्हणा, नक्कल उघडून दाखव, आत्ता, माझ्यासमोर. आणि तिथं कोपऱ्यात एखादा जुना माणूस तोंड मिटून बसलेला दिसला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तो फुगलेला असेल, टोमणे मारील, तुमची सर्टिफिकेटं काढील. बसून राहा. त्याला जे माहीत आहे ते त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय उठू नका.