कार्डावरची शेवटची ओळ

"सिस्टर, आज तुम्ही बसा या खुर्चीत," दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या. "रांगेला थांबवलंय मी."

गरोदर बायकांच्या तपासणीत अकरा वर्षं घालवलेल्या सिस्टरला आता स्वतःलाच सातवा महिना लागला होता. आपलं कार्ड तिने सकाळीच भरलं होतं. वजन, रक्तदाब, पायांवर सूज नाही. शेवटची ओळ, 'मन कसं आहे?' तिथे 'बरं'. खरं सांगायचं तर हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारलाच नव्हता. बाई वजनकाट्यावरून उतरायच्या आत 'बरं' लिहून ही मोकळी. एवढ्या रांगेत मनाची चौकशी कोण करत बसणार?

"शेवटी काय लिहिलंत?" मावशींनी विचारलं.

"बरं."

"कुणाला विचारून?"

सिस्टर हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "दमते हो, दुसरं काही नाही."

"दमलेलं माणूस झोपतं. तुम्ही चादरींच्या खोलीत जाऊन रडता. डबा तीन आठवडे तसाच परत नेताय."

मग तिला राहवलं नाही. "बाळ हललं की बाकीच्या बायका खुश होतात. माझ्या पोटात गोळा येतो, मावशी. वाटतं, याला माझ्यासारखी आई नकोच. सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं. नर्सनेच असं बोलायचं म्हणजे..."

"नर्सला ताप येत नाही का?" मावशी म्हणाल्या आणि हाताला धरून तिला वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी घाई न करता सगळं ऐकलं. हा आजार आहे, तुमचा दोष नाही, उपचाराने बरं वाटेल, असं स्पष्ट सांगितलं. दर आठवड्याला बोलावलं, नवऱ्यालाही घेऊन या म्हणाल्या. तो बिचारा सगळं ऐकून म्हणाला, "मला वाटलं, तू माझ्यावर रुसलीयेस." कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

सहा आठवडे झाले. काही सकाळी अजून जड जातात. पण डबा निम्मा तरी संपतो, आणि बाळ हललं की हात आपसूक पोटावर जातो.

आज पहिलटकरीण असलेली एक मुलगी काट्यावरून उतरून समोर बसली. सवयीने सिस्टरचं पेन शेवटच्या ओळीवर गेलं, 'ब' उमटलासुद्धा. तिने तो खोडला, पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मन कसं आहे?"

"बरं," मुलगी दाराकडे बघत म्हणाली.

सिस्टरने लिहिलं नाही. ती नुसती बसून राहिली. बाहेर रांग कुरकुरायला लागली, तसं मावशींनी दार लोटून घेतलं.

मुलीने मांडीवरची पिशवी हळूच खाली ठेवली.