घरच्यांनी हो म्हटल्यावर

क्रेनचा हूक हातात धरून भिवाजी उभा होता, पण टेम्पोला काही लावत नव्हता. भर दुपार, शीळ रस्त्यावर गाड्यांची ही लांब रांग, आणि हवालदार त्र्यंबक डोकं खात होता की ड्रायव्हर जागीच गेला, त्याला इस्पितळात हलवलं, आता हा डबा उचल की बाबा. भिवाजी ढिम्म. घरच्या माणसाने पाहून हो म्हटल्याशिवाय अपघातातली गाडी हलवायची नाही, असा सरकारने नुकताच नियम काढला होता. बाकीचे क्रेनवाले त्या नियमाच्या नावाने बोटं मोडत होते. आजवर जो आधी पोचेल त्याने गाडी ओढून न्यायची, अशीच रीत होती ना!

त्याच रीतीने भिवाजीच्या घरावर वरवंटा फिरवला होता. सात वर्षांपूर्वी त्याचा सुधीर याच रस्त्यावर गेला. मासळीच्या गाडीत बसून कल्याणला निघालेला. बाप धावत येईतो गाडी ओढून नेलेली, रस्ता धुतलेला. नक्की कुठे झालं ते कोणी सांगेना. खाडीकाठच्या त्यांच्या वाड्यात असं मरण आलं की घरचं माणूस त्या जागेवर जातं, हाक मारतं आणि मागे न बघता चालत घरी येतं. गेलेला मागोमाग येतो. सुधीरची आई, आवडाबाई, रस्ताभर हाका मारत फिरली, पण पोरगा आला नाही असं ती अजून म्हणायची. पोरगं उन्हात कुठे उभं असेल, या विचाराने भिवाजीला घास गोड लागत नसे. रेतीचं काम सोडून त्याने क्रेन धरली ती त्या जागेच्या शोधात. वेडच म्हणा!

रिक्षातून मंजुळा उतरली. टेम्पो तिच्या नवऱ्याचा, कान्हाचा. ती भिवाजीला ओळखत नव्हती. रडतही नव्हती. फुटक्या काचेवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "चला, घरी चला."

चेपून बसलेलं दार आपसूक उघडलं. ओझं उतरल्यावर उठावा तसा टेम्पो जरा वर उठला. मग पुन्हा एकदा उठला.

गाडी न्या आता, असं मंजुळाने सांगितलं आणि जाता जाता थबकली.

"दादा, दोघं उतरले. हे येतायत माझ्यासोबत. दुसरा पोरगा हाये, तिथंच उभा. तुमच्याकडे बघतोय."

भिवाजीच्या हातून हूक गळाला. उन्हाला कंटाळून सावलीला या टेम्पोत चढून बसलं असेल लेकरू! तो म्हणाला, "सुध्या, चल रे बाळा."

आणि तो चालायला लागला. क्रेन रस्त्यातच राहिली, त्र्यंबक मागून ओरडत राहिला. गावाच्या वाटेला लागल्यावर मागे चपला वाजू लागल्या. भिवाजी हमसून रडला, पण त्याने मान वळवली नाही.

दारात आवडाबाई होती. ती बाजूला सरली. भिवाजी आत गेला, तरी ती भिंतीशी अंग चोरून उभीच राहिली, अजून कोणाला तरी वाट देत.