नव्वदच्या आत

सुरेखाबाईंना तेरावा प्रश्न बरोबर आला, म्हणून राधिकाने तो खोडला.

सुरेखाबाई टेबलाच्या पलीकडे बसून लसूण सोलत होत्या. लेकीच्या लाल पेनावर त्यांचं बारीक लक्ष होतं.

"चुकला का गं?"

"नाही, बरोबर आहे."

"मग काट का मारलीस?"

"बरोबर आला म्हणून. तुला आला म्हणजे प्रश्न फार सोपा आहे, आई. काढून टाकायचा."

लसणीची पाकळी सुरेखाबाईंच्या बोटांतच राहिली. सातारा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात त्यांनी एकोणतीस वर्षं शिपाई म्हणून काढली होती. त्यानंतर कुठल्याही ऑफिसच्या कारभाराचं आपल्याला नवल वाटणार नाही, अशी त्यांची समजूत होती. पण बरोबर उत्तराला काट मारणारं ऑफिस त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"आणि चुकलेले प्रश्न?"

"ते ठेवायचे. ते चांगले."

"म्हणजे दोन महिने मी जे जे बरोबर लिहिलं ते सगळं केरात?"

"केरात नाही गं. मशीनमध्ये घालतात. पट्ट्या होतात त्याच्या."

ही माहिती दिल्याने आईला बरं वाटेल, असं राधिकाला का वाटलं कोण जाणे.

हे सगळं डिसेंबरात सुरू झालं होतं. सुरेखाबाई तीन महिन्यांसाठी सिंगापूरला, बेडोकमध्ये लेकीकडे आल्या होत्या. राधिका नोकरी करायची हौगांगमध्ये, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बॉलबेअरिंगचं गोदाम आणि वाढदिवसाचे केक करणारी बाई यांच्या मधल्या गाळ्यात. तिथे चीनमधल्या बारावीच्या मुलांसाठी इंग्रजीचे सराव-संच तयार होत. परीक्षा चीनची, मालक सिंगापूरचे आणि प्रश्न काढणारी साताऱ्याची. मुखपृष्ठावर सिंगापूरचं नाव असलं की तिकडे पुस्तक खपतं, त्यामुळे यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हतं.

छापण्याआधी प्रत्येक पेपर कोणाला तरी सोडवायला द्यायचा, अशी मालकांची, म्हणजे मिस्टर कोह यांची पद्धत होती. एरवी शेजारच्या भाषाशाळेतली चिनी मुलं सोडवत. ती सुट्टीत घरी गेली ती चिनी नववर्ष उरकूनच येणार होती. मग राधिकाने नवऱ्याला बसवलं. मुकुलला दीडशेपैकी एकशे एक्केचाळीस पडले, म्हणजे उपयोग शून्य. नऊ वर्षांच्या लेकीला, इराला बसवलं, तिला एकशे अठरा. शेवटी सुरेखाबाई विरंगुळा म्हणून बसल्या. त्यांना एकसष्ट मिळाले.

मिस्टर कोह खुर्चीतून उठून उभे राहिले होते म्हणे. नव्वदला पास, आणि पुस्तक होतं नव्वदच्या आत लटकलेल्या मुलांसाठी. उगाच चुकणारे पुष्कळ मिळतात. विचार करून, मनापासून चुकणारं माणूस मिळत नाही. "युवर मदर," ते राधिकाला म्हणाले, "रॉंग व्हेरी नाइसली." आणि त्यांनी दोन संत्री दोन्ही हातांनी धरून सुरेखाबाईंसाठी दिली.

सुरेखाबाईंना वाटलं, आपला सत्कार झाला.

आपलं चुकणंच हवं आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते त्या परीक्षा देत होत्या. एकसष्ट, चौसष्ट, एकाहत्तर, एकोणऐंशी. आकडे चढत होते, आणि इंग्रजीत आकडे चढताना त्या आयुष्यात प्रथमच पाहत होत्या. मॅट्रिकला पहिल्यांदा इंग्रजीत चौतीस पडले, दुसऱ्यांदा एकतीस, तिसऱ्यांदा अठ्ठावीस. पासाला पस्तीस लागत. चौथ्यांदा बसली तर पंचवीस पडतील, असा हिशोब वडिलांनी मांडला आणि लग्न ठरवलं. नवरा जिल्हा परिषदेत क्लार्क होता. राधिका तीन वर्षांची असताना तो वारला आणि सुरेखाबाईंना त्याच्या जागी घेतलं. नेमकं सांगायचं तर त्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. खुर्चीला मॅट्रिक लागत होतं. पुढे एकोणतीस वर्षं दर मार्चमध्ये मॅट्रिकच्या पेपरांची सीलबंद पाकिटं त्यांनी छातीशी धरून केंद्रावर पोचवली. इंग्रजीच्या पाकिटाशी त्या कधी बोलल्या नाहीत.

"मला येडी करून ठेवलीस व्हय गं," लसणीचं ताट बाजूला सारत त्या म्हणाल्या.

"तसं नाही, आई. तुझी किती मदत होते माहितीय? कोह म्हणतात, आंटी म्हणजे आमचा मीटर."

"मीटर."

"हो."

"बरं," सुरेखाबाई म्हणाल्या. राधिकाला वाटलं, विषय संपला. सदतीस वर्षं त्यांची लेक असूनही तिला असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मीटर अभ्यासाला लागला. मुकुल आणि राधिका कामावर गेले की सुरेखाबाई लिफ्टने खाली उतरत. इमारतीच्या तळाशी, खांबांमधल्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं होती. एका टेबलावर दोन चिनी म्हातारे सोंगट्या मांडून बसलेले असत. शेजारच्या टेबलावर सुरेखाबाई इराचं जुनं व्याकरणाचं पुस्तक उघडत. दुपारी शाळेतून आलेली इरा उलटतपासणी घेई.

"आज्जी, धिस वन रॉंग लाह," ती तिथल्या पोरांसारखी म्हणे.

"लाह म्हण नाहीतर आणि काही म्हण, का चूक ते मराठीत सांग."

इरा सांगे. म्हातारे आपला डाव थांबवून ऐकत.

पेपरांतले धडे मात्र सुरेखाबाईंना पटत नसत. राधिकाच पुस्तकांसाठी ते लिहायची. प्रत्येक धड्यात पीटर नावाचा मुलगा असे, त्याचं काहीतरी हरवे, ते सापडे, आणि शेवटी पीटर काहीतरी शिके. "सारखा शिकतोच कसा हा?" त्या जेवताना विचारत. "एकदा तरी काही न शिकता घरी जाऊ दे की त्याला."

"कोह चालवून घेत नाहीत."

"आणि ही ली हुआ कोण? दर पेपरात ह्या पीटरला पत्र लिहिते ती."

"ते ठरलेलं नाव आहे, आई. चीनमधली मुलं परीक्षेत पत्र लिहिताना ली हुआ होतात. स्वतःचं नाव घालायचं नसतं."

"सगळीच्या सगळी?"

"सगळी. आणि तूसुद्धा."

सुरेखाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. शासनाने नाव बदलून दिलं तर त्यांची तक्रार नव्हती, मार्क त्याच नावावर पडणार असतील तर.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना अठ्ठ्याऐंशी पडले. अर्धा पेपर पट्ट्यांमध्ये गेला. मिस्टर कोहनी राधिकाला केबिनमध्ये बोलावलं. "आंटी इम्प्रूव्हिंग," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, जसं डॉक्टर म्हणतात, पसरलंय. पुस्तकात बारा पेपर, अकरा तयार होते, आणि बारावा तेरा तारखेला छापखान्यात जायचा होता. भाषाशाळेची मुलं सोळाला परतणार होती. बारा तारखेला आंटी ऑफिसात येऊन, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवतील. नव्वदच्या आत पडले तर पेपर छापायचा. नव्वद किंवा वर गेले तर तो बाद, आणि राधिकाने एका रात्रीत नवा लिहायचा.

त्या संध्याकाळी अंथरूण घालताना राधिकाला आईच्या उशीखाली व्याकरणाचं पुस्तक मिळालं. खूण म्हणून बसचं कार्ड घातलेलं होतं.

"आई, अभ्यास करू नकोस."

"काय?"

"पाया पडते तुझ्या. बुधवारपर्यंत अभ्यास करू नकोस."

सुरेखाबाईंनी चष्मा काढला. हेच वाक्य आपल्या वडिलांनी म्हटलं असतं तर आपण किती खूश झालो असतो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"आणि बुधवारी," राधिका नजर न उचलता म्हणाली, "थोडं चुकव. चार-पाच ठिकाणी. कोणाला कळणार नाही. मला पुन्हा अख्खा पेपर लिहावा लागेल गं, नाहीतर पुस्तक अडकेल."

"मुद्दाम चुकवू?"

"एवढं काय त्यात? तीनदा नापास झालीयस, चौथ्यांदा—"

राधिका थांबली. पण वाक्य जायचं तिथे पोचलं होतं.

"तीनदा नापास झाले ते येत नव्हतं म्हणून," सुरेखाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "येत असून नापास व्हायचं मला जमणार नाही. तुला पेपर लिहावा लागला तर मी चहा करून देईन. रात्रभर देईन." मग त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, बसचं कार्ड त्याच पानात आहे का ते पाहिलं आणि पुन्हा उशीखाली ठेवलं. "आणि एक. मार्क कमी करायचे नाहीत, वाढवायचेही नाहीत. मी पाकिटं पोचवलीत, मला कळतं."

बारा तारखेला हौगांगच्या गाळ्यात टेबल रिकामं करून ठेवलं होतं. सुरेखाबाईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती आणि दोन पेनं, रुमाल, पाण्याची बाटली असा सरंजाम नीट मांडला होता. ऐकण्याचे उतारे मिस्टर कोहनी स्वतः वाचले, बाईचा आणि पुरुषाचा असे दोन आवाज काढून. पुढचे दोन तास गाळ्यात शेजारून केकचा वास येत राहिला. पीटरची छत्री हरवली. सुरेखाबाईंनी ती शांतपणे शोधून दिली.

शेवटी पत्र होतं. ली हुआने पीटरला आपल्या गावी बोलवायचं होतं. सुरेखाबाई बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी एकदम लिहायला घेतलं. पान भरलं तसं पेनाचं टोपण लावलं. घड्याळात तीन मिनिटं शिल्लक होती. ती शिल्लकच ठेवून त्या हात बांधून बसल्या.

पत्र सोडून बाकी सगळं राधिकाने त्यांच्यासमोरच तपासलं. सत्त्याहत्तर झाले. पत्राला पंचवीस मार्क असत. ते दोघांनी वेगवेगळे तपासून त्याची सरासरी काढायची, अशी पद्धत होती. पासाला तेरा हवे होते.

राधिकाने पत्र वाचलं. ली हुआने लिहिलं होतं, प्रिय पीटर, मी ली हुआ. मी विधवा आहे. मी एकोणतीस वर्षं ऑफिसात पाणी दिलं. तू साताऱ्याला ये. सप्टेंबरात ये, तेव्हा पठारावर फुलं असतात. येताना छत्री आण आणि ती हरवू नकोस. तू काही शिकला नाहीस तरी चालेल.

राधिकाने लाल पेन उचललं. क्रियापदं तीन ठिकाणी चुकली होती, स्पेलिंगं चार. अकरा म्हटलं तर अकरा होते, बारा म्हटलं तर बारा. अकरा घातले की रात्रीची झोप मिळणार होती. समोर सुरेखाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पाकीट पोचवल्यावर पावतीची वाट पाहत बसतात तशा. साताऱ्यात कधीतरी कोणीतरी असंच लाल पेन धरून चौतीसवर थांबलं असेल, झोप आली असेल त्यालाही. राधिकाने बारा घातले. तिला खरोखर बाराच वाटत होते.

मिस्टर कोहनी चष्मा वर सरकवून पत्र दोनदा वाचलं.

"ली हुआ इज अ विडो?"

"असेल," राधिका इंग्रजीत म्हणाली. "नियमात कुठे नाही म्हटलंय?"

मिस्टर कोहनी विचार केला. वीस वर्षं ते ली हुआची पत्रं वाचत होते. वीस वर्षांत ली हुआने पीटरला ड्रॅगनबोटी दाखवल्या, चहा पाजला, कागद कापून फुलं करायला शिकवली, पण स्वतःबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी चौदा घातले. मग त्याच पेनाने बारा आणि चौदाची सरासरी काढली, तेरा लिहिले, सत्त्याहत्तरमध्ये मिळवले, आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बेरीज पुन्हा केली. ती नव्वदच राहिली.

"आंटी पास," ते म्हणाले. खुर्चीत मागे रेलून त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला. "पेपर फेल."

ते उठून कोऱ्या पेपराची प्रत मशीनपाशी घेऊन गेले. घर्रर्र आवाज झाला. सुरेखाबाई ज्या पेपरात पास झाल्या तो पेपर आता कुठेच छापला जाणार नव्हता. चीनमधलं एकही मूल पीटरची ती छत्री शोधणार नव्हतं. मग कोहनी उत्तरपत्रिकेकडे हात पुढे केला, तसा सुरेखाबाईंनी तिच्यावर तळवा ठेवला.

"राधे, सांग त्यांना, ही मी नेणार."

राधिकाने सांगितलं. मिस्टर कोह म्हणाले, नेऊ द्या, पण बाहेर जाणाऱ्या कागदाला काही अर्थ नाही, हा काही दाखला नव्हे.

"शिक्का मारा म्हणावं."

"आई, त्यांच्याकडे एकच शिक्का आहे."

"एक पुरतो."

मिस्टर कोहनी खण उघडला. शिक्का बाहेर काढताना ते थोडे घुटमळले आणि राधिकाकडे पाहू लागले. त्यांनी तारखेची चाकं फिरवली, उत्तरपत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यात, नव्वदच्या आकड्याला धक्का लागणार नाही असा बेताने शिक्का मारला आणि ती दोन्ही हातांनी धरून सुरेखाबाईंना दिली.

सुरेखाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. लाल, ठसठशीत अक्षरं होती.

"आई, तो शिक्का म्हणजे फक्त—"

"रिजेक्टेड," सुरेखाबाईंनी वाचलं. "बारा फेब्रुवारी दोन हजार चौदा." त्यांनी मान हलवली. "वाचता येतं मला."

बेडोकच्या बसमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. राधिकाच्या पिशवीत आतापासूनच बाराव्या पेपरासाठी कोरे कागद होते, आणि घरी चहाचं आलं संपलंय का असं सुरेखाबाईंनी दोनदा विचारून झालं होतं. शिक्क्याची शाई ओली होती, म्हणून उत्तरपत्रिकेची घडी घालता येत नव्हती. सुरेखाबाईंनी ती दोन्ही हातांनी, छातीपासून वीतभर दूर, आडवी धरली होती. दांडी धरायला हात मोकळा नव्हता. बस वळली तेव्हा राधिकाने त्यांना दंडाला घट्ट धरलं, आणि पुढचे बारा स्टॉप सोडलं नाही.